पिकलेले हाड

एरवी या पानावर मी तुमच्याशी बोलतो ते खोडकिडीबद्दल, करप्याबद्दल, राबातल्या तणाबद्दल, नाहीतर इंद्रायणीला युरियाचा दुसरा हप्ता कधी द्यावा याबद्दल. आज तसले काही नाही. आज मी माझ्या डाव्या पायाबद्दल लिहिणार आहे.

मावळातल्या पुष्कळ वाड्यांवर मला नावापेक्षा पायाने जास्त ओळखतात. "लंगडं सायेब आलं" असे पोरे ओरडतात आणि त्यांच्या आया त्यांना दटावतात. मला त्याचा राग येत नाही. माझा डावा पाय उजव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने आखूड आहे, हे खरेच आहे. कोणी विचारतात, "साहेब, पोलिओ का?" कोणी विचारतात, "गाडीवरून पडला व्हता का?" तीस वर्षे मी दोन्ही प्रश्नांना मान हलवून पुढच्या खाचराकडे वळत आलो. खरे कारण सांगायला वेळ लागतो आणि थोडी लाजही वाटते. पण गेल्या लावणीला एका वाडीवर असा प्रसंग आला की मला विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत वर करून सगळे सांगावे लागले. एका घरी सांगितले, तर बाकीच्यांना का सांगू नये, म्हणून हा लेख.

मला पोलिओ झाला नव्हता. लहानपणी माझे हाड पिकले होते. डॉक्टर त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात, पुस्तकी मराठीत अस्थिमज्जाशोथ म्हणतात आणि जुनी माणसे हाड्याव्रण म्हणत. नाव कोणतेही घ्या, गोष्ट एकच. गळू कातडीत होते तसे ते हाडाच्या आत झाले.

सन १९७९. मी नऊ वर्षांचा, चौथीत होतो. घर नाणे मावळात. त्या ज्येष्ठात माझ्या मांडीवर एक गळू झाले होते. ते पिकले, फुटले, खपली धरली, सगळे विसरले. पुढे आषाढात लावणी चालू असताना मी बांधावरून उडी मारली आणि नडगी दगडावर आपटली. रक्तही आले नाही. दुसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला आणि गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला ठणका सुरू झाला. आतून कोणी वरवंट्याने कुटावे तसा ठणका. सकाळी पाय जमिनीला टेकवेना.

आजी म्हणाली, "मुरगाळला आसंल." तिने तेल कोमट करून चोळले, मिठाच्या पुरचुंडीने शेकले. मी किंचाळत होतो आणि दोघे जण मला धरून होते. तिसऱ्या दिवशी हाडवैद्य आले. गृहस्थ सज्जन होता. पंचक्रोशीतले कितीतरी मोडलेले हात त्याने सरळ केले होते आणि नारळ-सुपारीशिवाय तो काही घेत नसे. त्याने चाचपून पाहिले, हाड सरकले आहे असे सांगितले आणि बांबूच्या कांबी लावून पाय आवळून बांधला. त्या रात्रीचे मला अजून आठवते.

पाचव्या दिवशी बाजाराच्या गावातल्या एका कंपाउंडरकडून इंजेक्शन घेतले. ताप उतरला. दोन दिवस मी पेज प्यायलो, घरातली माणसे पुन्हा चिखलात उतरली. सगळ्यांत घात केला तो या दोन दिवसांनी. अर्धवट औषधाने ताप दबला, रोग हाडात तसाच राहिला. दहाव्या दिवशी पाय तुंब्यासारखा सुजला, कातडी चकाकू लागली, जांघेत अवधाण आले. बाराव्या दिवशी नडगीवर तोंड पडले आणि पू वाहू लागला.

आबांनी मला घोंगडीत गुंडाळून पाठीवर घेतले, वर इरले धरले. कामशेतपर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडीने लोणावळा, कारण लोणावळ्याचे एक डॉक्टर आमच्या चुलत्यांच्या ओळखीचे होते. त्यांनी पट्टी सोडून एकदाच पाहिले, काही न बोलता चिठ्ठी लिहिली आणि सरळ पुण्याच्या गाडीत बसवून दिले. पुण्याच्या डॉक्टरांनी आबांना विचारले, "ताप कधी आला?" आबांनी सांगितले. डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस आधी यायला हवं होतं." बस, एवढेच. त्या माणसाने रागावून सांगितले नाही, पण आबांनी ते वाक्य मरेपर्यंत मनात ठेवले. आजीने त्यानंतर घरात कोणाचाही पाय चोळला नाही.

अठ्ठेचाळीस दिवस मी खाटेवर होतो आणि आई खाटेखाली. हाडाला भोके पाडून पू काढला, पायाला खिडकी ठेवलेले प्लास्टर घातले, सहा-सहा तासांनी सुया टोचल्या. इकडे आमची निम्मी खाचरे पडीक राहायची, ती भावकीने इर्जिक करून लावली. दवाखान्याच्या खर्चासाठी बैलजोडीतला एक बैल गेला. उरलेल्या बैलाला जोडी मिळेपर्यंत आबांनी दुसऱ्याच्या दावणीची मिनतवारी केली. दुखणे एकाच्या पायाला होते, पण लंगडले सगळे घर.

आता हाडात नेमके काय होते ते सांगतो. मी डॉक्टर नाही, बी.एस्सी. ॲग्रिकल्चर आहे. पण पुढे आयुष्यभर याच रोगाची माणसे आणि डॉक्टर भेटत गेले, त्यामुळे थोडे कळते.

या रोगाचा जंतू बहुतेक वेळा तोच, जो गळवात असतो. स्टॅफिलोकॉकस त्याचे नाव. कातडीवरच्या फोडातून किंवा खरचटल्यातून तो रक्तात शिरतो. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी, जिथे हाड वाढत असते तिथे, रक्ताचा प्रवाह मंद असतो. पाटाचे पाणी वळणावर थबकले की गाळ तिथेच बसतो, तसा जंतू तिथे ठाण मांडतो. म्हणून हा रोग मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त, त्यातही पाच वर्षांखालच्या मुलांत, आणि गुडघ्याच्या वर-खालच्या हाडांत अधिक. मार लागल्याचे निमित्त पुष्कळदा होते, त्यामुळे सगळे घर त्या माराकडे पाहत बसते आणि तापाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आत पू झाला की त्याला वाट नसते. हाड काही कातडीसारखे फुगत नाही. दाबाने रक्त पोहोचेनासे होते आणि तेवढा हाडाचा तुकडा मरतो. मग शरीर त्या मेलेल्या तुकड्याभोवती नव्या हाडाचे वेष्टण करते. आंब्याच्या खोडात भिरूड शिरलेला तुम्ही पाहिला आहे. बाहेरून साल भरून येते, झाड हिरवे दिसते, पण आत पोखरलेला गाभा तसाच असतो आणि एका भोकातून भुसा गळत राहतो. पिकलेल्या हाडाचे तसेच आहे. मेलेला तुकडा आत असेपर्यंत नाडीतून पू गळत राहतो. त्या तुकड्यात रक्त जात नाही, म्हणून रक्तातून जाणारे औषधही तिथे पोहोचत नाही. वर मलम लावून, भुकटी टाकून ते तोंड बुजवले तरी महिन्याने शेजारी दुसरे पडते.

आखूडपणाचे कारण वेगळे. उसाच्या प्रत्येक पेराशी वाढीचे वलय असते, ते कुजले तर कांडी लांबत नाही. मुलांच्या हाडालाही टोकाशी अशी वाढीची चकती असते. माझ्या नडगीची वरची चकती पुवाने जाळली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा दोन्ही पाय सारखे होते. मग उजवा वाढत गेला, डावा मागे पडला. सोळाव्या वर्षी फरक साडेतीन सेंटिमीटरवर थांबला. हाडाचे दुखणे बरे झाले म्हणून मुलाला दाखवणे थांबवू नये ते यासाठीच. फरक पुढे सात-आठ वर्षे पडत राहतो. कधी उलटही होते. रक्त जास्त खेळल्याने दुखरा पायच लांब होतो.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने होती. मी जन्मलो तेव्हा पेनिसिलिन आलेले होते. त्याआधी या रोगाची मुले दगावत, नाहीतर पाय कापून जगत. अमेरिकेत मिकी मँटल नावाचा बेसबॉलचा फार मोठा खेळाडू होऊन गेला. १९४६ मध्ये शाळेत असताना खेळता खेळता त्याच्या नडगीवर लाथ बसली आणि हाड पिकले. पाय कापण्यापर्यंत गोष्ट गेली होती, पण नुकतेच मिळू लागलेले पेनिसिलिन त्याला दिले गेले. १९५१ पासून १९६८ पर्यंत तो देशातल्या पहिल्या दर्जाच्या संघातून खेळला आणि पायाचे दुखणे शेवटपर्यंत बाळगून खेळला.

आपल्याकडे हे औषध बनू लागले ते कुठे, हे लोणावळा-पुणे लोकलने जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? पिंपरीला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये तिथे स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन निघू लागले. सरकारी मालकीचा देशातला पहिला औषध कारखाना तो. त्याच कारखान्याची स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी आपण एके काळी भाताच्या जीवाणूजन्य करप्यावर फवारली आहे, ती जुन्या मंडळींना आठवत असेल. लहानपणी मला मात्र वाटे की पिंपरी स्टेशन आले की इंजेक्शनचा वास येतो. तो माझ्या मनाचाच वास असणार.

शाळेत परत गेलो तरी नाडी बंद झाली नव्हती. दोन महिने कोरडी, मग पुन्हा ओली. रोज सकाळी थोरली काकू पाणी उकळून, जुने धोतर फाडून पट्टी बांधायची. पावसाळ्यात पट्टी सुकत नसे आणि वास सुटे. मी आपण होऊन खिडकीजवळ बसू लागलो. मास्तरांनी त्याबद्दल कधी विचारले नाही, ही त्यांची मोठी दया. या काळात गावाने नाना उपाय सुचवले. बिब्बा घालून झाला, त्याने भोवतालची कातडीही गेली. कोणी डाग द्यायला सांगितले, तेव्हा मात्र आई आडवी पडली. अखेर १९८५ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि आत अडकून बसलेला मेलेल्या हाडाचा तुकडा निघाला. करंगळीच्या पेराएवढा, मळकट, किडलेल्या लाकडासारखा. डॉक्टरांनी तो ताटलीत ठेवून मला दाखवला. सहा वर्षे मी त्याला पोसत होतो. महिन्याभरात नाडी बुजली.

पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो. ते काही विशेष सांगण्यासारखे नाही.

जोड्याचे मात्र सांगायला हवे. आखूड पायाला टाच न लावता चालले की कंबर एका बाजूला झुकते, पाठ धरते आणि चांगल्या पायाचा गुडघा आधी झिजतो. पोरवयात मला उंच सोलचा जोडा करून दिला होता, तो मी लाजेने एका ओढ्यात टाकून आलो. विशीत पाठ धरल्यावर शहाणपण आले. लोणावळ्याच्या बाजारातल्या एका चर्मकार दादांनी माझे दोन्ही पाय कागदावर काढून घेतले आणि हलक्या मायक्रो रबराचे थर चिकटवून जोडा केला. एक सेंटिमीटर आत, दोन बाहेर. पूर्ण साडेतीन भरायचे नाही, थोडे कमीच ठेवायचे, असे हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले होते. आता त्यांचा मुलगा जोडे करतो आणि माझा कागद त्याने जपून ठेवला आहे. गमबुटात घालायला वेगळी तळी आहे. लावणीच्या खाचरात उतरलो की प्रश्नच नसतो, चिखल ज्याला जितका हवा तितकाच रुततो. गंमत आहे ती डोंगराच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेची. डावा पाय चढाच्या अंगाला आला की मी तुमच्यापेक्षा ताठ चालतो. त्याच वाटेने परत येताना मात्र देव आठवतो.

पाय लांब करून घेता येतो, हेही मला कोणी कोणी सुचवले. सायबेरियातल्या कुर्गान गावच्या इलिझारोव नावाच्या डॉक्टरांनी १९५१ पासून ती पद्धत बसवली. हाडाला काप देऊन, बाहेरून लोखंडी कडी आणि तारा लावून, दिवसाला एक मिलिमीटर याप्रमाणे हाड ताणत न्यायचे, मधल्या फटीत नवे हाड भरते. १९८० नंतर ती जगभर पसरली आणि आपल्याकडेही होते. ज्यांचा फरक पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे आहे किंवा पाय वाकडा झाला आहे त्यांनी अवश्य विचारावे. मी विचार केला आणि सोडून दिला. जोड्याने भागते तिथे कित्येक महिने कडी वागवायची आणि झोपलेल्या जंतूच्या घराशी तारा ठोकायच्या, हा व्यवहार मला पटला नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढायला गेलो तेव्हा माझे प्रमाण ४० टक्क्यांच्या आत भरले, म्हणून सवलती मिळाल्या नाहीत. ज्यांचे जास्त भरेल त्यांनी ते जरूर काढावे. २०१६ च्या कायद्याने तो हक्क आहे, त्यात उपकार कोणाचा नाही.

लग्नाच्या वेळची एक गोष्ट. १९९६ मध्ये मुली पाहणे सुरू झाले तेव्हा घरात ठरले की पडल्यामुळे पाय अधू झाला असे सांगायचे, पुवाचे नाव काढायचे नाही. "हाडाचा रोग म्हनलं की लोक रक्तपिती समजत्यात," असे चुलते म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते, लोक तसे समजत. पोहे खाऊन झाल्यावर मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, मला तिच्याशी दोन मिनिटे बोलायचे आहे. अंगणात तिला सगळे सांगितले. हा रोग कोणाला लागत नाही, पोराबाळांत उतरत नाही, पण माझ्या हाडात तो पुन्हा कधीही उठू शकतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "उठला तर कळतं कसं?" मी म्हणालो, "ताप येतो, जागा लाल होते, ठणकते." ती म्हणाली, "मग लपवायचं नाही, येवढंच."

आणि मी लपवले. एकवीस वर्षांनी, २०१७ च्या खरिपात. चारसूत्री लागवडीचे प्रात्यक्षिक होते. पॉवर टिलरची दांडी माझ्या त्याच नडगीवर बसली. चौथ्या दिवशी जुना व्रण गरम झाला. बत्तीस वर्षे गप्प असलेले हाड जागे झाले हे मला त्याच क्षणी कळले होते. पण प्रात्यक्षिकाची तारीख ठरलेली, शेतकरी बोलावलेले. मी घरातल्या तापाच्या गोळ्या खाऊन नऊ दिवस काढले. रात्री विजार घालूनच झोपायचो. नवव्या रात्री अंथरुणावर पिवळा डाग पडला आणि सौभाग्यवतींनी तो पाहिला. ती रागाने बोलली असती तर बरे झाले असते. तिने नुसते कपडे पिशवीत भरले.

रुग्णालयात रक्तातली साखरही वाढलेली निघाली, जी मला ठाऊकच नव्हती. मधुमेहात असल्या जंतूंचे फावते. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जुने एक्स-रे आहेत?" होते. आईने १९७९ आणि १९८५ चे फोटो पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांत आणि सोसायटीच्या पावत्यांत ठेवून दिले होते. ते खिडकीशी धरून डॉक्टरांनी नव्या फोटोशी ताडले आणि जुनी पोकळी कुठली, नवी कुठली हे ठरवले. एम.आर.आय. झाला. हाड उघडून तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा मेलेला भाग काढला, पोकळीत औषध मुरवलेले मणी ठेवले, आणि निघालेल्या मासाची तपासणी करून जंतूला कोणते औषध लागू पडते ते पाहून मगच सहा आठवडे औषध दिले. मी नऊ दिवस आधी गेलो असतो तर कदाचित औषधावरच भागले असते, असे डॉक्टर म्हणाले. आबांनी ऐकलेलेच वाक्य मी ऐकले. फरक एवढाच की त्यांना काही माहीत नव्हते आणि मला सगळे माहीत होते.

तुमच्या घरात असे जुने हाड बाळगणारे कोणी असेल, आणि मावळात ते असतातच, तर त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जुन्या व्रणावर मार लागणार नाही असे पाहावे, शेणखतात किंवा चिखलात उतरताना तो झाकावा. व्रण लाल झाला, ठणकला, ताप आला तर पीक-पाणी न पाहता दाखवावे. साखर तपासून घ्यावी. तंबाखू आणि विडी हाड भरून यायला आड येतात, त्या सोडाव्यात. आणि ज्यांची नाडी वर्षानुवर्षे वाहतेच आहे, "आता त्याची सवय झाली" असे जे म्हणतात, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की सवय करून घेऊ नका. अशा जुन्या व्रणाच्या कडेला क्वचित कर्करोग होतो. व्रण वाढू लागला, फुलकोबीसारखे मांस दिसू लागले, वास बदलला किंवा रक्त येऊ लागले तर तुकडा काढून तपासायलाच हवा. हाडाचा क्षयही असाच नाडी पाडतो, तो हळू चालीचा असतो आणि त्याचे औषध निराळे. तो आहे की नाही हे तपासूनच कळते, आणि क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. शस्त्रक्रियेच्या खर्चाची धास्ती असेल तर रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना आधी विचारा. आता त्यासाठी दावणीचा बैल विकायची घाई करू नका.

आता गेल्या लावणीची गोष्ट. पवन मावळात एका वाडीवर मी रोपे पाहायला गेलो होतो. ओटीवर चार वर्षांची पोर आजीच्या मांडीवर निपचित पडली होती. आजीच्या हाताशी तेलाची वाटी. मी सहज विचारले. "कालपासून पाय टेकवत न्हाई," आजी म्हणाली. "वासरामागं पळताना पडली. मुरगाळलाय." मी पोरीच्या कपाळाला हात लावला, चटका बसला. गुडघ्याच्या वर एका जागी नुसते बोट टेकवले तर ती पोर अशी ओरडली की माझ्या अंगावर काटा आला. कोपरावर खपली धरलेला फोड होता.

मी म्हणालो, "आजी, चोळू नका. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या."

आजीला ते रुचले नाही. तिची सून लावणीला गेलेली, मुलगा गाडीवर. "सायेब, तुमी भाताचं सांगा," ती म्हणाली. बोलणे बरोबरच होते.

तेव्हा मी ओटीच्या पायरीवर बसलो, जोडा काढला आणि विजार गुडघ्यापर्यंत वर केली. नोकरीत तीस वर्षांत मी हे कोणापुढे केले नव्हते. नडगीवरची खोल घळ, चिकटलेली काळी कातडी, काटकुळी पोटरी. आजी बराच वेळ पाहत राहिली.

"कोनी चोळला व्हता?" तिने विचारले.

"माझ्या आजीनं," मी म्हणालो.

तिने वाटी फळीवर ठेवली आणि उठून सुनेला हाक मारली.

दुधाच्या टेंपोतून पोर त्याच संध्याकाळी पुण्याला गेली. एक्स-रे अगदी साफ आला. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत तो साफ येऊ शकतो, हे तुम्ही पाठ करून ठेवा, कारण "फोटोत काही नाही" म्हणून मुले घरी परत येतात. तिथल्या डॉक्टरांनी तेवढ्यावर न थांबता रक्त तपासले, एम.आर.आय. केला आणि ठेवून घेतले. पू साचायच्या आत औषध सुरू झाले, त्यामुळे कापावे लागले नाही. काही दिवस शिरेतून, मग घरी काही आठवडे तोंडाने. ते आठवडे तिच्या आईने एकही डोस चुकवला नाही. पोर हसू-खेळू लागल्यावर गोळ्या बंद करण्याचा मोह सगळ्यांना होतो, तो तिने टाळला. तान्ह्या बाळांत तर ओळखणे आणखी अवघड. ते सांगू शकत नाही. नुसता हात किंवा पाय हलवेनासे होते, लंगोट बदलताना रडते, आणि ताप कधी असतो, कधी नसतोही.

दिवाळीनंतर मी त्या वाडीवर पुन्हा गेलो. पोर अंगणात पळत होती. मी तिच्या आईला सांगितले की वर्षातून एकदा तरी दोन्ही पाय डॉक्टरांकडून मोजून घ्या, ती वयात येईपर्यंत, आणि दवाखान्याचे सगळे कागद, फोटो सांभाळा. आजी आतून म्हणाली, "ठिवल्यात. सातबाऱ्याच्या पिशवीत."